फेरी पूर्ण झाली हे यंत्राला कसे कळते? शर्यतीच्या व्हिडिओ गेममधील चोरवाटा आणि त्यांचा बंदोबस्त

पृथ्वीप्रदक्षिणेच्या पैजेत कार्तिकेय मोरावर बसून निघाला आणि गणपतीने आईवडिलांभोवती एक फेरी मारून पैज जिंकली, ही कथा आपल्या देशात वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते. तिच्याकडे क्षणभर नियमांच्या बाजूने पाहा. पैज लागली तेव्हा 'पृथ्वी' कशाला म्हणायचे हे कोणी सांगितले नव्हते. ते निकालाच्या वेळी ठरले. कार्तिकेय रागावला, यात नवल काय?

शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये हाच पेच जवळपास पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो. फरक असा की इथे निकाल देणारे यंत्र आहे, आणि सांगितल्याखेरीज यंत्राला काहीही कळत नाही. 'फेरी' ही गोष्ट त्याला दिसत नाही. म्हणून खेळ बनवणारे फेरीच्या जागी मोजता येईल असे काहीतरी त्याच्या हाती देतात. कधी ते रस्त्याचे अंतर असते, कधी ओळीने उभी केलेली अदृश्य फाटके, तर कधी कडेची पांढरी रेघ. कसलेला खेळाडू थोड्याच दिवसांत ओळखतो की आपली शर्यत रस्त्याशी नसून या बदली मापाशी आहे. अन्याय्य शॉर्टकट रोखण्याचा इतिहास हा मुख्यतः या मापांचा इतिहास आहे, आणि प्रस्तुत पाठात आपण तो त्याच अंगाने पाहणार आहोत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. इंग्रजीतला 'शॉर्टकट' दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत, ते वापरलेले बरे. खेळ बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली, थोडी अवघड पण जवळची वाट म्हणजे आडवाट. ती शोधणे हा खेळाचाच भाग असतो. २००५ च्या 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड'मध्ये मुख्य रस्ता सोडून जाणाऱ्या अशा वाटा होत्या आणि त्या वापरणाऱ्याला कोणी लबाड म्हटले नाही. दुसरी ती पळवाट. ती कोणी बांधलेली नसते. नियम लिहिताना राहून गेलेली फट म्हणजे पळवाट. कायद्याच्या संदर्भात आपण हा शब्द जसा वापरतो, नेमका तोच अर्थ इथे आहे. वाद झाले ते पळवाटांवरून.

जिथे फसवणे शक्यच नव्हते

१९७४ साली अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' हे नाण्यावर चालणारे यंत्र आणले. त्याला स्टिअरिंग, पेडल आणि गिअर होते. पडद्यावर वरून पाहिल्यासारखा मार्ग दिसे आणि त्याच्या कडा ठिपक्यांनी दाखवलेल्या असत. यंत्रात मायक्रोप्रोसेसर नव्हता, सारे काम सुट्या विद्युतमंडलांवर चाले. प्रतिस्पर्धी गाडीही नव्हती. घड्याळाविरुद्ध धावायचे आणि मार्गावरच्या ठराविक खुणा ओलांडत गुण मिळवायचे. पुढे ज्याला चेकपॉइंट म्हणू लागले त्याचे बीज इतक्या लवकर दिसते, हे ध्यानात ठेवा.

नंतरच्या दहा-बारा वर्षांत मात्र या दिशेने फार काही घडले नाही, कारण गरजच पडली नाही. नामकोचा 'पोल पोझिशन' १९८२ चा. त्यात गाडीच्या मागून दिसणारा, क्षितिजाकडे निमुळता होत जाणारा रस्ता होता. जपानच्या फुजी स्पीडवेवर बेतलेला हा मार्ग यंत्राच्या लेखी मैदान नव्हताच. गाडी सुरुवातीपासून किती अंतरावर आहे आणि रस्त्याच्या मध्यापासून किती डावी-उजवीकडे आहे, एवढ्या दोन आकड्यांत सारा हिशेब येई. रस्त्याबाहेर गेलात तर वेग कमी होई, पण अंतराचा आकडा पुढेच सरके. वळण कापायचे म्हटले तरी कापणार काय? वळण हा पडद्यावरचा देखावा होता. दूरचा डोंगर नाटकाच्या मागच्या पडद्यावर रंगवलेल्या डोंगरासारखा, तिथे कोणी चालत जाऊ शकत नाही. सेगाच्या 'आउटरन'ने १९८६ मध्ये रस्त्याला फाटे दिले, तरी कोणताही फाटा घेतला की पुन्हा तीच एक लांब पट्टी सुरू होई. तंत्राच्या मर्यादेने नियमाचे काम फुकटात केले, असे म्हणता येईल.

मोकळे मैदान, आणि फाटकांचा शोध

१९९२ मध्ये सुपर निन्टेन्डोवर 'सुपर मारिओ कार्ट' आला. त्या यंत्रात सपाट चित्र फिरवून, लहान-मोठे करून जमिनीचा भास निर्माण करण्याची सोय होती. गाडीला खरोखरचे मैदान मिळाले. ती मागे वळू शकत होती, गवतात शिरू शकत होती, पंखाची वस्तू मिळाली तर उडी मारून अडथळा ओलांडू शकत होती. स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच दिवशी प्रश्न उभा राहिला. समजा, यंत्राला इतकेच सांगितले की शेवटची रेघ ओलांडली की एक फेरी धरायची. मग खेळाडू रेघ ओलांडेल, मागे येईल, पुन्हा ओलांडेल. पाच फेऱ्या अर्ध्या मिनिटात.

उपाय सोपा वाटतो. मार्गावर काही अदृश्य फाटके उभी करा, त्यांना क्रमांक द्या आणि शेवटचे फाटक ओलांडून आलेल्यालाच रेघेवर फेरी मोजा. उलट दिशेने जाणाऱ्याला इशारा द्या. मारिओ कार्टमध्ये ढगावर बसून मासेमारीची काठी घेतलेला लाकितू हा पंच उलटे जाणाऱ्यासमोर फलक धरतो आणि पाण्यात किंवा खाईत पडलेल्याला उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवतो.

आता इथे थोडे थांबा, कारण पुढच्या वीस वर्षांच्या भानगडी या दोन उपायांतूनच निघाल्या आहेत.

फाटके किती ठेवायची? भरपूर ठेवली आणि प्रत्येक सक्तीचे केले, तर धक्का लागून बाजूला फेकल्या गेलेल्या प्रामाणिक खेळाडूचे एखादे फाटक चुकते. त्याने बिचाऱ्याने सारी फेरी मारली तरी यंत्र ती मोजत नाही. हा अन्याय पळवाटेपेक्षा वाईट, कारण त्यात दोष खेळाचा असतो आणि शिक्षा खेळाडूला. म्हणून खेळ बनवणारे सक्तीची फाटके कमी आणि लांबलांब ठेवतात, त्यांना मैदानाच्या कडेपर्यंत रुंद करतात. रुंद फाटक म्हणजे ढिला नियम. निरपराधाला सांभाळून घेण्यासाठी ठेवलेल्या ढिलाईतूनच अपराधी निसटतो. न्यायशास्त्र शिकणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.

आणि लाकितू? पडलेल्याला कुठे ठेवायचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ठरलेल्या जागांपैकी खेळाडूला लागू पडणारी जागा निवडली जाते. पण डोंगराभोवती गुंडाळलेल्या रस्त्यावर हवेतून पडणाऱ्या गाडीला कोणती जागा लागू पडते? ती कदाचित रस्त्याच्या बऱ्याच पुढच्या भागातली असेल. मदतीचा हात असा सरळ पुढच्या टप्प्यावर नेऊन ठेवतो.

'मारिओ कार्ट ६४' डिसेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा मैदानाला तिसरे परिमाण मिळाले आणि भिंती ओलांडण्याजोग्या झाल्या. वारिओ स्टेडियम या मार्गावर नेमक्या ठिकाणी उडी साधून भिंतीपलीकडे गेले की मोठा भाग वगळता येई, आणि यंत्र मुकाट्याने फेरी मोजे. भिंतच नसेल तर काय होते, याचा नमुना पाहायचा असेल तर २००३ चा 'बिग रिग्ज : ओव्हर द रोड रेसिंग' पाहावा. त्यात ट्रक इमारतींमधून आरपार जातो, डोंगर चढताना वेग कमी होत नाही आणि प्रतिस्पर्धी मूळ आवृत्तीत जागचा हलतही नव्हता. जगातल्या सर्वांत वाईट गेमच्या यादीत त्याचे नाव हमखास असते. इतके स्वातंत्र्य मिळाल्यावर जिंकण्यात काही उरले नाही.

२००८ च्या 'मारिओ कार्ट वी'मध्ये फाटकांची रचना बरीच पक्की झाली होती. मार्गाच्या माहितीत प्रत्येक फाटक म्हणजे दोन बिंदूंना जोडणारी रेघ. त्यांतली काही थोडी मुख्य फाटके क्रमाने ओलांडणे सक्तीचे. बाकीची शर्यतीत कोण पुढे कोण मागे हे ठरवण्यासाठी आणि पडलेल्याला कुठे ठेवायचे हे निवडण्यासाठी. खेळाडूंनी ही माहिती उलगडून तिचे नकाशे काढले, आणि मग पळवाटा शोधणे हा तुक्का न राहता अभ्यासाचा विषय झाला. ग्रंबल व्होल्केनो या मार्गावरच्या खडकांचा उपयोग करून फेरीचा फार मोठा भाग वगळण्याची युक्ती सर्वांत गाजली. ती करायला विलक्षण हातोटी लागते. हे कसब की लबाडी? खेळाडूंनी यावर भांडत बसण्याऐवजी वेगळ्या नोंदवह्या केल्या. विक्रमांच्या यादीत पळवाटेशिवायची वेळ एका रकान्यात, आडवाटेची दुसऱ्यात, यंत्राच्या दोषातून मिळालेली तिसऱ्यात. 'मारिओ कार्ट ६४'च्या विक्रमवीरांमध्ये तर शॉर्टकटसह आणि शॉर्टकटविना असे दोन तक्ते फार आधीपासून रूढ आहेत. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा तोडगा आहे, आणि तो कोणत्याही कंपनीने सुचवला नव्हता.

वूहू बेटावरचा वाद

एकट्याने घड्याळाविरुद्ध धावताना वेगळी नोंदवही पुरते. समोर माणसे असली की पुरत नाही. डिसेंबर २०११ मध्ये निन्टेन्डो थ्रीडीएसवर 'मारिओ कार्ट ७' आला. त्यातल्या माका वूहू या मार्गावर फेऱ्या नाहीत, एकच लांब वाट तीन टप्प्यांत विभागलेली आहे. पहिल्या टप्प्यात एका ठराविक जागी मुद्दाम पाण्यात उतरले की लाकितू खेळाडूला उचलून बराच पुढे नेऊन ठेवी. युक्ती सोपी होती, कोणालाही जमण्याजोगी. त्यामुळेच घोटाळा झाला. इंटरनेटवरील शर्यतीत कोणी माका वूहू निवडला की काही जण सरळ पाण्याकडे वळत आणि रस्त्याने जाणारा कितीही निष्णात असला तरी मागे पडे. त्याच्यासमोर दोनच पर्याय उरत. हरायचे, किंवा आपणही पाण्यात उडी घ्यायची. शर्यतीचा मार्ग नावालाच उरला.

कंपनीची सुरुवातीची भूमिका दुरुस्ती न करण्याची होती. ज्यांनी ही युक्ती आधीच वापरली आहे त्यांना नव्यांच्या तुलनेत कायमचा फायदा होईल, असे कारण सांगण्यात आले. हे कारण हसण्यावारी नेऊ नये. विक्रमांच्या बाबतीत ते खरेच आहे. काल पाण्यातून गेलेल्याची वेळ यादीत आहे आणि आज पाणी बंद, तर ती वेळ पुन्हा कोणालाच गाठता येणार नाही. पण समोरासमोरच्या शर्यतीत कालच्या विक्रमाशी कोणाला काय कर्तव्य? तिथे न्याय आजच्या आठ खेळाडूंमध्ये हवा असतो.

मे २०१२ मध्ये कंपनीने सुधारित आवृत्ती दिली आणि ती घेतल्याखेरीज इंटरनेटवर खेळता येणार नाही अशी अट घातली. माका वूहूसह वूहू लूप आणि बाउझर्स कॅसल १ या मार्गांवरच्या पळवाटा इंटरनेटवरील शर्यतींपुरत्या बंद झाल्या. घड्याळाविरुद्धच्या धावेत त्या तशाच ठेवल्या. एकाच खेळात एकच वाट एका दाराने गेल्यास निषिद्ध आणि दुसऱ्या दाराने गेल्यास कायदेशीर. विसंगत दिसते खरे, पण न्यायाचे दोन प्रकार इथे वेगळे ओळखले गेले होते.

हे आधी का जमले नव्हते, याचेही उत्तर तंत्रात आहे. काडतुसात भरलेला खेळ विकला की विषय संपला, चूक राहिली ती राहिली. 'मारिओ कार्ट ६४'मधली भिंत आजही तितकीच उंच आहे. खेळ विकल्यानंतर नियम बदलण्याची सोय इंटरनेटमुळे आली, आणि तिच्याबरोबर नियम बदलण्याची जबाबदारीही.

फ्रान्सच्या नाडेओ कंपनीची, २००३ पासून सुरू झालेली 'ट्रॅकमेनिया' मालिका मात्र उलट टोकाला उभी आहे. तिथे सगळे चेकपॉइंट घ्यायचे, क्रम कोणताही चालेल. मधली वाट सापडली तर ती सापडवणाऱ्याचे कौतुक होते आणि दोष मार्ग रचणाऱ्याकडे जातो.

पांढरी रेघ

खऱ्या मोटारशर्यतीची नक्कल करणाऱ्या खेळांत प्रश्न निराळा आहे. तिथे कोणी डोंगरावरून उडी मारत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला दोन चाके गवतात घालून दोन दशांश सेकंद वाचवायचे, एवढीच चोरी असते. पण प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणावर. कोडमास्टर्सच्या फॉर्म्युला वन खेळांत वळण कापले की त्या फेरीची वेळ बाद होते, आणि शेवटचे वळण कापले तर पुढची फेरीसुद्धा, कारण तिथे चोरलेला वेग पुढच्या सरळ रस्त्यावर उपयोगी पडतो. (ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट याच मालिकेच्या २०११ च्या खेळात होते. ऑक्टोबरमध्ये तिथे पहिली खरी शर्यत होण्याआधीच आपल्याकडची मुले त्याची वळणे कापून दंड भोगत होती.) 'फोर्झा'ने यादीतून नाव काढण्याऐवजी अशा फेरीपुढे खूण करून ती डागाळलेली ठरवली. २०१७ च्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट'ने सेकंदांचा दंड लावला आणि खेळाडूच्या वेगाबरोबर सभ्यतेचेही मानांकन सुरू केले. २००८ पासून चालणाऱ्या 'आयरेसिंग'मध्ये मार्ग लेझरने मोजून तयार केले जातात. तिथे रस्ता सोडला तर एक गुण, गाडीवरचा ताबा सुटला तर दोन, जोराची टक्कर झाली तर चार, अशी दोषांची वही असते आणि ती खेळाडूच्या मागे लागते.

या सगळ्यांत एक उणीव कायम आहे. यंत्राला गाडी कुठे आहे ते मिलिमीटरपर्यंत समजते, ती तिथे का गेली ते समजत नाही. मागच्याने ढकलल्यामुळे गवतात गेलेला आणि वेळ चोरायला गवतात गेलेला, दोघांची नोंद सारखी. म्हणून महत्त्वाच्या स्पर्धांत शेवटी माणसेच बसतात आणि चित्रफीत मागे-पुढे करून निवाडा देतात.

खऱ्या जगातही काही वेगळे घडत नव्हते. २१ एप्रिल १९८० रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुइझ महिलांत पहिली आली. तिने बहुतेक मार्ग धावलाच नव्हता हे उघड झाल्यावर विजेतेपद जॅकलिन गारो यांना देण्यात आले. आता मोठ्या मॅरेथॉनमध्ये धावपटूच्या अंगावर चिप असते आणि वाटेत ठरावीक अंतरावर अंथरलेल्या पट्ट्या तिची नोंद घेतात. ही क्रमांक दिलेली फाटकेच की! २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये गाड्यांनी मार्गाची सीमा ओलांडल्याच्या बाराशेहून अधिक संभाव्य घटना पंचांपुढे आल्या, आणि शर्यत संपल्यावर काही तासांनी आठ चालकांना दंड होऊन निकाल बदलला. पुढच्या वर्षी तिथल्या शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीची पट्टी टाकली गेली. खडीला अर्ज, अपील काही करता येत नाही.

माणसाखेरीज इतर खेळाडू आले तेव्हा बदली मापाची गोष्ट आणखी उघडी पडली. डिसेंबर २०१६ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी 'कोस्टरनर्स' या बोटींच्या शर्यतीत एका शिकणाऱ्या प्रणालीला सोडले. या खेळात गुण मिळतात ते वाटेतल्या वस्तूंना धडकल्याबद्दल. प्रणालीला एक कोपरा सापडला जिथे तीन वस्तू पुन्हा पुन्हा उगवत. ती तिथेच गोल गोल फिरत राहिली. बोट पेटली, इतर बोटींवर आदळली, शर्यत कधी संपवलीच नाही. गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रॅन टुरिस्मो सोफी'च्या कामात ही काळजी आधीच घेतलेली दिसते. तिला पुढे सरकल्याचे बक्षीस होते आणि मार्ग सोडल्याबद्दल, भिंतीला घासल्याबद्दल, टक्कर दिल्याबद्दल दंड.

भिंतीला घासणे ही शर्यतीच्या खेळांतली जुनी खोड आहे. वळणावर ब्रेक न लावता गाडी भिंतीला टेकवायची आणि भिंतीलाच वळवू द्यायचे. खेळात गाडी मोडत नाही, मानही मोडत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेत मार्टिन्सव्हिलच्या नॅस्कार शर्यतीच्या शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेनने हे खऱ्या गाडीने केले. पूर्ण वेगात भिंतीला घासत तो दहाव्या स्थानावरून पाचव्यावर आला आणि अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत पोहोचला. ही युक्ती लहानपणी गेमक्यूबवर 'नॅस्कार २००५' खेळताना केल्याचे त्याने शर्यतीनंतर सांगितले. त्या दिवशी ती नियमात बसली. जानेवारी २०२३ मध्ये नॅस्कारने जाहीर केले की यापुढे असे करणाऱ्याला सुरक्षेच्या नियमाखाली वेळेचा दंड होईल. त्यासाठी नवा नियम लिहावा लागला नाही. पुस्तकात आधीपासून असलेले एक कलम आता भिंतीलाही लागू होते, एवढेच सांगावे लागले.